दोघींत एक जॅकेट

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दुकानात खोकल्याच्या औषधांच्या फळीवर, बाटल्यांच्या मागे मी ते ठेवलंय आणि रोज सकाळी फळी पुसताना पुन्हा वाचते. ठकी एकोणीस वर्षांची झाली, तिला या हिवाळ्यात आपलीच ती बर्फातली साठ किलोमीटरची शर्यत पळायची आहे, आणि तू लिहितेस की मावशी बरोबर असेल तरच पाठवीन, तू असलीस की मला घोर नाही. एवढ्याशा गोष्टीला हो किंवा नाही म्हणायला कुणाला तीन आठवडे लागतात? परवा तुझ्या या लेकीने, ठकीने, फोन करून मला चांगलंच फैलावर घेतलं. मावशी, तुझे गुडघे गेलेत की हिंमत, एकदा काय ते सांगून टाक, म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक आहे असं सांगून मी फोन ठेवला. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

गुडघे ठणठणीत आहेत माझे. पळणं मात्र सोडल्यात जमा आहे. घर ते दुकान आणि दुकान ते घर, तेही पाऊस असेल तर बसने. नवीन मालकीणबाई चांगल्या आहेत, पण बडबड फार. त्यांना कुणीतरी सांगितलंय की मी एकेकाळी डोंगरात पळायचे, तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख तशीच करून देतात. कफाचं औषध घ्यायला आलेला माणूस माझ्याकडे कौतुकाने बघतो आणि मी खाली वाकून उगाच खोकी शोधत बसते.

आठवतं, तो वजनाचा खुळा नाद मलाच होता. तू शिवणयंत्रावर बसलेली असायचीस आणि मी तुझ्या कात्रीने टूथब्रशचा दांडा कापायचे, कपड्यांच्या आतली लेबलं उसवायचे. तुझी कापडाची कात्री प्लॅस्टिकला लावली म्हणून तू किती दिवस बोलली नव्हतीस! पाठीवरच्या पिशवीतली एकेक वस्तू मी दुकानातल्या काट्यावर तोलून आणायचे. आपली जाड जॅकेटं भरली प्रत्येकी तीनशे दहा ग्रॅम. नियम साफ होता, प्रत्येकीकडे स्वतःचं कोरडं, गरम जॅकेट हवं. आणि माझ्या सुपीक डोक्यातून निघालं की आपण दोघी कायम बरोबरच पळतो, मग दोघींत एक पुरे. अर्धं अंतर तू वाहा, अर्धं मी वाहीन. तू नको नको म्हणत होतीस. तुझा नकार मोडून काढणं मला लहानपणापासून जमतं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

तपासणीची ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत लांब टेबलं मांडलेली, चष्मेवाल्या बाई प्रत्येकाची पिशवी रिकामी करून यादीवर खुणा करत होत्या. आधी मी रांगेत लागले, जॅकेट दाखवलं, मागच्या दाराने बाहेर येऊन न्हाणीघरात तुझ्या हातात दिलं. दहा मिनिटांनी त्याच बाईंनी तेच जॅकेट पुन्हा उलगडून पाहिलं, शिवण छान आहे म्हणाल्या आणि तुझ्या नावापुढेही खूण केली. बाहेर आल्यावर मी हसून हसून भिंतीला टेकले. तू हसली नाहीस. तुझे कान लाल झाले होते, तेवढंच मला दिसलं.

त्या रात्री खोलीवर तू दोन्ही पिशव्यांच्या मोठ्या कप्प्याच्या चेनला पिवळी फीत शिवलीस. वीतभर लांब, टोकाला गाठ मारलेली. जाड मोजे घातलेल्या हाताला चेन सापडत नाही, फीत सापडेल, थंडीत एका झटक्यात जॅकेट बाहेर आलं पाहिजे, असं तू म्हणालीस. मी काय म्हणाले होते? दोन फितींचे चार ग्रॅम वाढवलेस.

त्याच्या आदल्या वर्षीचं तर तू कधी काढतच नाहीस, म्हणून मीच काढते. बत्तिसाव्या किलोमीटरला माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी बर्फात आडवी होऊन ओरडत होते. तू माझा बूट काढलास, पाय मांडीवर घेऊन चोळत बसलीस, आपल्या मागचे सगळे पुढे गेले तरी हलली नाहीस. खिंडीपलीकडच्या चौकीवर तीनच्या आत पोचायचं होतं, आपण नऊ मिनिटं उशिरा पोचलो आणि त्यांनी आपले नंबर काढून घेतले. गाडीतून परत येताना मी तुझ्याशी धड बोललेही नाही. जणू काही पोटरी तुझीच होती. त्या नऊ मिनिटांनी मला वर्षभर कुरतडलं, आणि पुढच्या शर्यतीला मी ती नऊ मिनिटं डोक्यात घेऊनच उभी राहिले.

त्या शर्यतीचं बरंचसं तुला ठाऊक आहे. तिसाव्या किलोमीटरच्या तंबूत गरम पाणी पिताना तू जॅकेट माझ्याकडे दिलंस, माझी पाळी होती. चार किलोमीटर पुढे तुझं पोट बिघडलं. दोनदा ओकलीस, चेहरा पांढराफटक पडला. स्वच्छ ऊन होतं तेव्हा. तू जा, मी सावकाश येते, असं तूच म्हणालीस, आणि मी दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहिली नाही. जॅकेटचं तुला त्या अवस्थेत सुचलं नाही. तीन वाजायला बारा मिनिटं असताना मी चौकीवर पोचले. तू मागून येतेस, एवढंच मी तिथे सांगितलं, आणि संध्याकाळी शेवटच्या रेषेवर गळ्यात पदक घालून फोटो काढून घेतला. तू कुठे आहेस हे मला त्या फोटोनंतर कळलं. चौकीवरची माणसं शोधत मागे आली तेव्हा तू एका खडकाच्या आडोशाला पिशवीतला आणीबाणीचा चंदेरी कागद गुंडाळून बसली होतीस, हात काखेत घालून. डावा हात नीट आत गेला नव्हता, त्याचा मोजा ओला होता.

दवाखान्यात मी तुझ्या पलंगाच्या कठड्याला धरून रडले आणि म्हणाले, ताई, जॅकेट माझ्या पिशवीत आलंय हे मी साफ विसरले गं. आणि तू, त्या बँडेज बांधलेल्या हाताने, मला थोपटलंस. पळताना डोकं कुठे जागेवर असतं, वेडाबाई, म्हणालीस. आयोजक विचारायला आले तेव्हा तू सरळ सांगितलंस की जॅकेट खोलीवरच राहिलं, तपासणीनंतर काढून ठेवलं होतं, चूक माझी. त्यांनी तुला तीन वर्षं बाद केलं. मी शेजारच्या खुर्चीवर मूग गिळून बसले होते. नंतर दोन बोटांची पेरं काढावी लागली. आता काज करताना तू कापड अंगठा आणि करंगळीत धरतेस, पूर्वी तासाभरात व्हायचं त्याला तुला अर्धा दिवस लागतो, आणि तरीही माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुझ्या हातचं काहीतरी येतं. या वर्षीच्या कुडत्याची काजं मी भिंगातून पाहिली. एकही टाका वाकडा नाही. मी तो अजून घातलेला नाही, ताई. घालवत नाही.

ठकीला माझ्यावर सोपवण्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून हे पत्र. तुला सोडून मी निघाले त्यानंतर पंधरा मिनिटांनी, नारिंगी झेंड्याच्या वळणावर, खजूर काढायला मी पिशवी पुढे घेतली आणि हाताला पिवळी फीत लागली. चेन ओढली तर वरच जॅकेट. मी उभी राहिले. खाली पाहिलं तेव्हा झाडांच्या कडेला तुझी निळी टोपी दिसत होती, आणि खिंडीतून ढग उतरायला लागला होता, वारा सुटला होता, तेही मला दिसत होतं. खाली यायला सात मिनिटं, परत वर चढायला पंधरा, असा हिशेब मी केला. चौकी हुकली असती. मग तुझीच फीत ओढून मी चेन बंद केली आणि पळाले. फीत कशी हाताला लागली नाही, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. कधी कधी वाटतं, तुला त्या पलंगावरच सगळं कळलं होतं. तसं असेल तर माझी मान आणखीच खाली जाते. आयोजकांना मी काल सगळं लिहून पाठवलं, दोघींत एक जॅकेट ही युक्ती माझी होती हेही. आता ठकीला माझ्याबरोबर पाठवायचं की नाही, तिला हे पत्र दाखवायचं की नाही, तू ठरव. कुणाबरोबरही जाऊ दे, तिचं जॅकेट तिच्याच पाठीवर असू दे. मी विसरले नव्हते, ताई.

तुझीच, तोंड दाखवायची लाज वाटणारी,
भिंगरी