खणखणला तर बरा

तीर्थरूप आयेस, चाकणहून ओंकारचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "जेवलंस काय रे?" आणि मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात." त्यावर रुसून बसू नकोस. इथे रेंज धड नाही. जेवण वेळेवर असतं, तब्येत ठणठणीत आहे.

काम तेच, शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनातले रॉड. लालभडक पोलाद हॅमरखाली ठोकून ते घडवतात. भर वेगात एखादा तुटला तर इंजिन फुटतं, मग आत बसलेल्याचं काय? म्हणून मशीनच्या तपासणीआधी मी प्रत्येक रॉड टांगून वाजवतो, तू कणकवलीच्या बाजारात मडकं वाजवून घेतेस तसा. खणखणला तर बरा, बद्द वाजला तर चिरलेला.

गेल्या आठवड्यात एक चिरलेला मी बरा म्हणून पुढे सोडला. मशीनने धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून रॉड वाजवला की मी बाजूला काम करणाऱ्या जितेंद्रच्या तोंडाकडे बघतो. त्याला कसा ऐकू आला, ते तोंडावर कळतं.

कानात बोळे घालतो गो, शपथ.

बाबांचा दमा कसा आहे? काजू मोहरले काय? भगवतीच्या जत्रेला मी नक्की येतो. दशावताराला माका अगदी पुढे, मृदंगवाल्याच्या पुढ्यात जागा धरून ठेव.

आणि यापुढे फोन नको, पत्र घाल. अक्षर मोठं काढायची गरज नाही. डोळे चांगले आहेत.

तुझाच,
ओंकार