जुन्या पासपोर्टाचा नंबर

५ मार्च

चि. दर्यावर्दी भावास,
अ. आ. वि. वि.

तू जहाजावर सुखरूप चढलास हे एजंटच्या निरोपावरून कळलं. फोन करू नकोस म्हणते ते एवढ्यासाठीच, की फोनवर आपण दोघंही ‘सगळं छान’ म्हणून मोकळे होतो. पत्रात निदान दुसऱ्या पानावर तरी खरं बोलायची वेळ येते.

तुझ्या लेकीची, खारूची, तयारी जोरात आहे. तिची बॅग तीनदा भरून तीनदा उपसून झाली. दोन वर्षांपूर्वी तिची आई परदेशी नोकरीला गेली तेव्हा हीच पोर आठवडाभर दाराशी बसून होती, आणि आता बारा तारखेच्या विमानाला किती दिवस उरले ते बोटांवर मोजते. काल मला बजावून सांगितलं की आत्यानं रडायचं नाही. मीही ऐकवलं की माझ्याकडे कागदांचा ढीग पडलाय, रडायला सवड कुणाला आहे.

संमतिपत्र फायलीत लावून ठेवलंय. आई-वडिलांपैकी कुणी बरोबर नसेल तर दोघांच्या सह्यांशिवाय लेकराला देशाबाहेर सोडत नाहीत, हे नोटरीसाहेबांच्या कचेरीत टाइप करता करता बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय. सिस्टरबाईंचा कागद तिकडून आला, तुझा साहेबांसमोर झाला. (तुझ्या बायकोला सिस्टरबाई म्हटलेलं आवडत नाही, ठाऊक आहे. पण नर्सला दुसरं काय म्हणू?) तिच्या दवाखान्यातली एक सहकारी सुट्टी संपवून परत चाललीय, तिच्याबरोबर खारू जाईल.

बाकी ठीक. घर जरा मोठं वाटेल, इतकंच. तब्येतीला जप.

आहे तसाच लोभ ठेव.
तुझी ताई


१६ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तेल भरायला थांबलोय, तिथल्या एजंटकडे हे पत्र देतो. झालेला प्रकार जहाजाच्या फोनवर बायकोकडून कळला. कागदावर खारूच्या जुन्या पासपोर्टाचा नंबर आणि हातात नवा पासपोर्ट, म्हणून विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीवरूनच परत पाठवलं. पोर चार तास बॅगेवर बसून होती म्हणे. बरोबरच्या बाईंना विमान सोडता येईना, शेवटी तू जाऊन घेऊन आलीस.

ताई, चूक माझी आहे. इंजिनात एक नट पिळायचा तर मी तीनदा तपासतो, आणि स्वतःच्या मुलीच्या कागदावर न वाचता सही ठोकली. ताईनं टाइप केलंय म्हणजे बघायचं काय, असं म्हणालो होतो, आठवतं? तू वाईट वाटून घेऊ नकोस. घाईत जुन्या फायलीवरून नंबर उतरला असेल. तूही माणूसच आहेस.

बायकोला मी माझीच चूक म्हणून सांगितलं. ती म्हणाली की खारूसाठी पंधरा दिवसांची रजा घेतली होती, ती आता रिकाम्या खोलीत काढते. घरावरचं कर्जाचं ओझं उतरेपर्यंत जा, असं तिला म्हणणारा मीच होतो. त्यामुळे आता मला बोलायला तोंड नाही.

नवी सही वकिलातीतच करावी लागेल आणि तसं बंदर पंधरा एप्रिलच्या आधी लागत नाही. तोवर खारूला सांभाळ. तुझे उपकार कधी फिटतील कोण जाणे.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा


२७ मार्च

चि. भावास,
अ. आ.

या पत्राला पहिलं पान नाही, सरळ दुसऱ्यापासून सुरू करते.

टाइप करताना झाली ती खरीखुरी चूक. आमच्या कचेरीची रीत अशी, की एखाद्या घरचा कागद पूर्वी केलेला असेल तर त्याची जुनी प्रत समोर ठेवायची आणि तिच्यावरून नवा उतरवायचा. वेळ वाचतो. सिस्टरबाई जाताना खारूचे कागद मीच केले होते, त्यावरून तो नंबर तसाच खाली आला. इथवर मी गुन्हेगार नाही.

तू सही केलीस त्याच संध्याकाळी कागद फायलीत लावताना मी पासपोर्ट उघडला आणि दोन वेगळे नंबर शेजारी शेजारी दिसले. तू बाहेरच्या खोलीत खारूच्या चपलेचा पट्टा शिवत होतास. तुझे घरी अजून दोन दिवस होते. एक हाक मारायची, की सकाळी साहेबांसमोर पाच मिनिटांत नवा कागद झाला असता. मी हाक मारली नाही. जरा वेळ तशीच उभी राहिले आणि फाइल मिटली.

विमानतळावर कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी मनाची समजूत घातली. पण खोटं कशाला, लक्षात यावं असंच वाटत होतं. पोर घरी परत येईल एवढंच मला दिसलं. ती चार तास बॅगेवर बसेल आणि तिकडे तिची आई रिकाम्या हातांनी परत जाईल, हे दिसलं नाही. किंवा मी बघितलं नाही. ती परत आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडली, आणि तिला थोपटताना मला आतून बरं वाटत होतं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. तुझं पत्र येईपर्यंत मी ती खवखव गिळून होते. तू सगळा दोष स्वतःवर घेतलास, वर मला माणूस म्हणालास, ते काही गिळता आलं नाही. सिस्टरबाईंनाही हेच लिहिलंय, एक शब्दही मऊ केलेला नाही. तू मधे पडू नकोस आणि माझी बाजू घेऊ नकोस.

लोभाचं तूच ठरव.
ताई


६ एप्रिल

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून राग आला, तो लपवत नाही.

शंका मला आधीच होती. तिकिटासाठी नव्या पासपोर्टाचा नंबर तुम्हीच मला कळवला होता, तेव्हा तो तुमच्यासमोर होता हे उघड आहे. यांच्याकडे मी काही बोलले नाही. बहीणभावात काडी लावायची नव्हती, आणि बोलायचा हक्क मला उरलाय का, हेही कळत नव्हतं. सात वर्षांच्या पोरीला मी तुमच्या ओटीत टाकून आले. तिचे दुधाचे दात तुमच्या घरी पडले, तापात ती तुमच्या कुशीत झोपली. दवाखान्यात लोकांच्या मुलांचा ताप बघताना दर वेळी मला ते आठवतं. तुम्हाला ती सोडवेना, यात नवल नाही. नवल मीच केलं, मला ती सोडवली.

तुम्ही क्षमा मागितलीत. केली असं लिहायला हात अजून उचलत नाही, म्हणून लिहीत नाही. एक मागणं आहे. नवा कागद कृपा करून दुसऱ्या कचेरीतून करून घ्यावा. हे रागानं म्हणत नाही. पुन्हा विमानतळाच्या दाराशी उभी राहीन तेव्हा मनात शंका नको, एवढंच.

तुमची माया मला हवीच आहे. माझी पोचायला थोडा वेळ द्यावा.
आपली भावजय


२ मे

चि. भावास,
अ. आ. वि. वि.

तुझी लेक पोचली. फोनवर आईचाच आवाज जास्त आला, ही बया नुसती खिदळत होती.

सिस्टरबाईंच्या म्हणण्याप्रमाणे कागद चार गल्ल्या पलीकडच्या कचेरीतून केला. गिऱ्हाइकाच्या बाकावर मी जन्मात पहिल्यांदा बसले. टाइप करणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची आणि दोन बोटांनी टाइप करणारी, पण मी ओठ शिवून होते. मुलीची कोण, असं तिनं विचारलं. आत्या म्हटल्यावर मान न उचलता सांगितलं, की आई-वडील सोडून कुणाची सही लागत नाही, तुम्ही बाजूला बसा. ती काय चुकीचं बोलली? हेच वाक्य मी आजवर किती आज्यांना आणि मावश्यांना ऐकवलंय. त्यांची तोंडं कशी व्हायची ते मात्र कधी पाहिलं नव्हतं.

तू बंदरातून सही करून कागद पाठवलास, बरोबर चिठ्ठी नव्हती. नंबरावर एकेका आकड्याखाली पेन्सिलीचे ठिपके दिसले, म्हणजे ताडून पाहिलास. बरं केलंस.

परवा विमान कंपनीची मुलगी खारूला हाताला धरून खिडकीपर्यंत घेऊन गेली. मी दोरीच्या अलीकडे उभी होते. आतल्या माणसानं कागद पाहिला, पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला. मी घड्याळाकडे बघत होते. मिनिटभरसुद्धा लागलं नाही रे. एवढ्याशा कामापायी मी त्या मायलेकींचे सात आठवडे खाल्ले.

लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही, तरी म्हणते.
तुझी ताई