टाकीवरचा टॉप शॉट

१ डिसेंबर, सोमवार
अकरावीला चित्रपट आणि माध्यम हा विषय घेतलेले आम्ही मोजकेच. आज सरांनी प्रोजेक्ट दिला. पाच मिनिटांची फिल्म, विषय: आपलं गाव. ग्रुपमध्ये मी, साक्षी आणि हरिओम. दिग्दर्शक कोण यावर चर्चा व्हायच्या आतच मी सांगून टाकलं की मी. कोणी विरोध केला न्हाई. कॅमेरा साक्षीकडे, माइक हरिओमकडे.
पप्पांना अजून बोललो न्हाई. ते एमआयडीसीत रोलिंग मिलला आहेत. मार्क कमी पडले तर जूनपासून आयटीआय, हे त्यांनी ॲडमिशनच्या दिवशीच सांगितलेलं. मी काही घाबरलेलो न्हाई. पोट दुखून राह्यलं ते समोश्यामुळे.

४ डिसेंबर, गुरुवार
स्क्रिप्ट जवळपास तयार (डोक्यात). सुरुवात टॉप शॉटनं. सगळं गाव एका फ्रेममध्ये. ड्रोन न्हाई, पण हसनाबादच्या अलीकडे आमचं मूळ गाव आहे (राहायला आम्ही शहरात), तिथं पाण्याची टाकी आहे. साक्षीनं विचारलं, वर कोण चढणार. मी म्हणालो, अर्थात दिग्दर्शक.
आजपासून उंचीचा सराव. आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्तो. तिथून खाली डोकावलं. मग आठवलं की होमवर्क राह्यलंय.

५ डिसेंबर, शुक्रवार
आज गच्चीपर्यंत जाणार होतो. दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या मीनाकाकूंकडे असते. मागितली न्हाई. कामाच्या माणसाला कशाला त्रास.

६ डिसेंबर, शनिवार
झोप लागली न्हाई. एक्साइटमेंट.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
शूटिंग झालं. तांत्रिक कारणांनी थोडा उशीर.
घडलं ते असं. पाणी सोडणाऱ्या कचरूकाकांनी शिडीचं कुलूप काढलं. सुरुवातीला मला कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची होती म्हणून हरिओमनं कॉलरला माइक लावला. ती बोललो. मंग टॉप शॉटसाठी मोबाइल खिशात टाकून चढलो. चढताना काहीच वाटलं न्हाई, कारण डोळे मिटलेले होते. टाकीभोवतीच्या सज्ज्यावर पोचलो आणि उघडले.
गाव खाली होतं. फार खाली होतं. शिडी मात्र दिसेना, कारण ती बघायला वाकावं लागतं.
मी बसलो. विचार करत होतो. दिग्दर्शकाला विचार करावा लागतो. खालून साक्षीनं विचारलं, शॉट झाला का. मी म्हणालो, प्रकाश बराबर न्हाई. पुन्हा विचारलं. मी म्हणालो, ढगाची वाट बघून राह्यलो. आभाळात ढग नव्हता. हळूहळू लोक जमले. कोणीतरी म्हणालं, पोरगं उपोषणाला बसलंय, मागणी काय ते विचारा.
शेवटी कचरूकाका दोर घेऊन वर आले. कंबरेला बांधला आणि हळूच म्हणाले, “खाली बघू नको. माझ्या टोपीकडं बघ.” त्यांच्या टोपीकडे बघत उतरलो. टॉप शॉट घ्यायचा राह्यला.

८ डिसेंबर, सोमवार
माइक चालू होता.
हरिओमनं आज सांगितलं. वर बसून मी जे जे बोललो ते सगळं रेकॉर्ड झालंय. मला वाटलं मी मनात बोलतोय. साक्षीनंही खालून कॅमेरा बंद केला नव्हता. डिलीट कर म्हणालो. ती म्हणाली, आपल्याकडे दुसरं काहीच शूट झालेलं न्हाई.

१८ डिसेंबर, गुरुवार
स्क्रीनिंग. पालकांना बोलावलं होतं. पप्पा मिलमधून तसेच आलेले. मी दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे निघायला जल्दी.
पडद्यावर टाकी. वर एक ठिपका, तो मी. आणि सगळ्या हॉलमध्ये माझा आवाज: आई गं, मला इथून ने. मी पुन्हा कुठलाच विषय घेणार न्हाई. पप्पा म्हणत होते तेच बराबर होतं. मला टाकीची भीती वाटती, परीक्षेची वाटती, पप्पांची वाटती.
आधी पोरं हसली. मंग हसायची थांबली. ते जास्त वाईट.
लाइट लागल्यावर सरांनी विचारलं, हे काय होतं. मी उभा राह्यलो. पप्पा माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, “अभिनय, सर.”
सर खूश. जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवू म्हणाले. फक्त चेहरा जवळून दिसत न्हाई, रविवारी सज्ज्यावरचा एक क्लोजअप घेऊन या, परवानगी आणि दोराचं मी बघतो. मी म्हणालो, बिलकुल.
घरी जाताना गाडीवर, मस्तगडच्या चौकात वळताना पप्पा म्हणाले, “रडायचं काम चांगलं केलंस.” आयटीआयचं नाव काढलं न्हाई.

२० डिसेंबर, शनिवार
ताप येतोय का बघून राह्यलो. येत न्हाई. आईनं उद्यासाठी शर्ट इस्त्री केला.

२१ डिसेंबर, रविवार
मिलला रविवारीही काम असतं, तरी पप्पांनी सुट्टी टाकून स्वतः गाडीवर नेलं. सर, साक्षी, हरिओम, दोर घेऊन कचरूकाका, सगळे हजर. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरा पाय आलाच न्हाई. सर म्हणाले, कॅरेक्टरमध्ये जायला वेळ घे. मी वेळ घेतला. बराच.
मंग पप्पांकडे न बघता बोललो, “तो अभिनय नव्हता.”
पप्पांनी टाकीकडे वरपर्यंत बघितलं आणि माझी पाण्याची बाटली हातातून घेतली. साक्षीनं कॅमेरा माझ्याकडे दिला, कंबरेला दोर बांधला आणि कचरूकाकांच्या मागं चढली. म्हणाली, तुझ्याऐवजी माझा चेहरा घे.
आता मी घेतलेलं फुटेज पाहिलं. साक्षी शिडीवर एकदम शांत. बाकी सगळं हलून राह्यलंय: टाकी, आभाळ, पप्पांचा खांदा.
मी तर जमिनीवर उभा होतो.