ठकूचा शब्द

॥ श्री ॥

वैशाखरे,
१२ सप्टेंबर १९६२

ती. दादास,

देवकीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडचं सगळं बरं आहे. हळवं भात निसवलंय, तांबडीला कालवड झाली. तुझी चंद्री तिसरीत गेली, पाढे घडाघडा म्हणते. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, आता खपली धरलीय. गौरी-गणपतीला तू याही वर्षी आला नाहीस. लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, कारखान्यात रजा मिळत नाही.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आज पोस्टाचा माणूस यायच्या आत संपवणारच आहे.

आधी शाळेतल्या नव्या गुरुजींचं सांगते. वाल्मिक गुरुजी डहाणूकडचे, समुद्रकाठी वाढलेले. पावसाळ्याआधी त्यांनी चावडीत सगळ्यांना जमवलं. म्हणाले, "मुंबईला चौपाटीवर बुडणाऱ्याला काढायला माणसं उभी असतात, तीही आपखुशीनं. आपली काळू नदी दर दोन वर्षांनी कुणाला तरी नेते. आपण का नाही उभं राहायचं?" दहाबारा तरणे तयार झाले. दोर आणला, पोहायचे सुके भोपळे आणले. पण पहिल्या दिवशी डोहात उतरायची वेळ आली, तर जो तो दोर धरायलाच पुढे! गुरुजींनी विचारलं, "इथं नदी सगळ्यात जास्त कुणाला कळते?"

नाव सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या कातकरवाडीतली ठकू.

गुरुजी एकटेच होडकं घेऊन पलीकडे गेले. ठकूनं त्यांना बसायला गोणपाट दिलं आणि म्हणाली, "आमी येऊ, गुरजी. पन आमी वरडलो तं ऐकनार कोन? मागं एकदा वरडून बघलं."

गुरुजींनी तो प्रश्न तसाच चावडीत आणून ठेवला. धोंडी पाटील उसळले, "कातकरीण गौरीच्या पाण्यात उतरनार?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "नाही उतरणार, पाटील. तुमच्या घरातलं माणूस बुडायला लागलं, तरच उतरेल."

आम्ही बायका मागे बसलो होतो. 'मागं एकदा वरडून बघलं' हे कशाबद्दल ते आमच्यातल्या सातआठजणींना नेमकं कळलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी कशी उठले मला माहीत नाही. म्हटलं, "मी ऐकीन. ती सांगंल ते मी वरडून सांगीन."

मग श्रावणभर मी ठकूच्या शेजारी काठावर बसले. दादा, इतकी वर्षं या नदीवर धुणं धुतलं, पण मी नदी कधी पाहिलीच नव्हती. पाण्यावरची नुसती सुरकुती बघून ती सांगते, खाली खडक आहे की खड्डा. घोटाभर पाण्यात उभी राहून, डोळे मिटून सांगते, घाटात पाऊस झाला की नाही. पोरांना म्हणायची, "पान्याशी भांडू नको. त्याच्यासंगं जा, आन् तिरका सुट." तिच्या हातचं पाणी न पिणारे आपले तरणे तिच्याच हातावर पाठ टाकून तरंगायला शिकले. पाटलांचा लडकू तर तिला मावशी म्हणायला लागला.

गौरीच्या विसर्जनाला लख्ख ऊन होतं. बायका गुडघाभर पाण्यात, डोक्यावर तेरड्याच्या गौरी. ठकू एकदम उठली.

"बाय, थाळी वाजव."

"ऊन हाय गो," मी म्हटलं.

"बारकी मासली बघ, गवतात शिरली. पान्याला मातीचा वास मारतोय. वाजव!"

मी थाळी बडवली. घसा फाटेस्तोवर ओरडले. कुणी चिडल्या, कुणी हसल्या, पण माझ्या ओरडण्यानं निघाल्या. शेवटची बाई काठावर चढली आणि वरच्या वळणावरून आवाज आला, शंभर बैलगाड्या दगडावरून धावत याव्यात तसा. तांबडं पाणी, त्यात अख्खी झाडं. आम्ही उभ्या होतो ती जागा बघता बघता दिसेनाशी झाली. ठकू चिमूटभर माशांवरून हे वाचू शकते! माझ्या अंगावर काटा आला तो अजून जात नाही.

दादा, आता ऐक. निरांजन खडकावर राहिलं म्हणून चंद्री माझी नजर चुकवून परत गेली होती. पाण्यानं तिला उचललं.

मी किंचाळायच्या आत ठकू आणि लडकू भोपळे घेऊन आत होते. लडकूला अर्ध्यातून दोरानं ओढून घ्यावं लागलं. ठकू गेली. झाडांच्या मधून, पाण्यासंगं, तिरकी. दोनदा तिचं डोकं दिसेनासं झालं. मग पलीकडे, खूप खाली, ती काठावर चढली, आणि तिच्या खांद्यावर तुझी लेक होती. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. तोवर चंद्री कातकरवाडीत, ठकूच्या चुलीपाशी, नाचणीची आंबील पीत होती. मी गेले तर म्हणते कशी, "आत्ये, मला पन तसं तिरकं जायला शिकव म्हन ना हिला."

इथवर लिहिलं तरी खरं ते राहिलंच.

सहा वर्षांपूर्वी, काशी वहिनी वाहून गेली त्या दिवशीही ठकू ओरडली होती. पलीकडून म्हणाली, "बायांनो निगा, वर घाटात आभाळ फुटलंय." मी म्हटलं, पूजा विटाळू नको, हो मागं. ती पाण्यात पाऊल टाकून पुढे आली, तेव्हा मी दगड मारला. तिच्या खांद्याला लागला. वहिनी म्हणाली होती, "वन्सं, ऐकू या का तिचं?" मीच म्हटलं, आरती होऊ दे.

तू मुंबईहून आलास. लोकांनी तुला सांगितलं, कातकऱ्यांच्या मासे धरायच्या बांधानं पाणी तुंबलं. तू पहार घेऊन तो बांध फोडलास, त्यांना काठावरून हाकललंस. मी दारात उभी राहून बघत होते. तोंड उघडलं नाही.

परवा मी ठकूकडे गेले. ती जाळं विणत होती. म्हटलं, "त्या दिशी दगड मी मारला होता."

"ठावं हाय. मी बघलं तुला."

"मंग माझ्या शेजारी कशी बसलीस एवढे दिस?"

तिनं जाळ्यातून मान वर केली नाही. "तुझा आवाज मोठा हाय, बाय. लोकं ऐकतात. नदीवर तसाच लागतो."

मला तिथं रडताही येईना.

माफ कर असं मी लिहीत नाही, तेवढा माझा हक्क नाही. चंद्रीला न्यायला आलास तर मी अडवणार नाही, तिचं दप्तर मीच भरून देईन. फक्त येशील तेव्हा आधी ठकूकडे जा. तुझी लेक आता रोज संध्याकाळी तिच्याच हातावर पाण्यात तरंगते. तिला एकदा तशी बघ, मग काय ते ठरव.

सहा वर्षं तुझ्याशी खोटं वागलेली,
देवकी