प्रयोगशाळेतला वाद्यवृंद

मास्तर, मागच्या वर्षी कॉलेजातून फोन आला. कॉलेजला पंच्याहत्तर वर्षं होताहेत, त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्यात विद्यार्थी वाद्यवृंदाचा इतिहास मी लिहावा असं समितीचं म्हणणं. चार पानं. "तुम्ही स्वतः त्यात वाजवलंय मॅडम, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" असं फोनवरचा तरुण प्राध्यापक म्हणाला आणि मी लगेच हो म्हणून बसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून असं मानाचं काम कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा मोह पडला. फोन ठेवल्यावर मात्र ध्यानात आलं. वाद्यवृंदाचा इतिहास लिहायचा म्हणजे तुमच्याविषयी लिहायचं, आणि तुमच्याविषयी लिहायचं म्हणजे त्या एका दुपारपाशी यावंच लागणार होतं.

आधी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन जुने वार्षिकांक काढले. वाद्यवृंद पहिल्या प्राचार्यांनी सुरू केला असं त्यांत छापलंय. ते स्वतः पेटी वाजवायचे, आणि रसायनशास्त्राच्या खोलीतल्या चिनीमातीच्या वाट्यांत पाणी भरून त्यांनी जलतरंग बसवला होता. वाट्या फुटल्या म्हणून रसायनशास्त्राचे सर रुसले, हेही कोणीतरी गमतीनं लिहून ठेवलंय. पुढच्या पंचवीसेक अंकांत दरवर्षी एक फोटो आहे. मधोमध खुर्चीवर संगीत मंडळाचे प्रमुख म्हणून आमचे मराठीचे सर, भोवती आम्ही मुलंमुली. तुम्ही एकाही फोटोत नाही. फक्त एकात, डाव्या कडेला, खाकी बाहीतला एक हात दिसतो, क्लॅरिनेटची पेटी धरलेला. अंगठ्याचं नख चपटं. मी तो हात लगेच ओळखला.

कागदोपत्री तुम्ही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. पण अमडापूरला तुमच्या घरात वडील, आजोबा सगळे लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे, म्हणून तुम्ही मास्तर. प्राचार्यसुद्धा तुम्हाला मास्तरच म्हणायचे.

मी जानेफळहून शिकायला आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, पहिल्या वर्षाची मुलगी. नळीतल्या हवेत ध्वनी कुठे घुमतो ते शोधायचा प्रयोग चालू आहे. नादकाटा रबरावर आपटायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाण्याची पातळी हळूहळू खाली न्यायची. माझ्या जोडीदारणीला काही ऐकू येत नाही. मी तिला दर वेळी "इथं" म्हणून थांबवते आहे. तुम्ही कपाट पुसता पुसता मागे येऊन उभे राहिलात.

"कसं समजून राह्यलं तुले?"

"आवाज फुगतो ना तिथं," मी म्हटलं.

"हाव. फुगते." मग तुम्ही दुसरा नादकाटा आपटलात. "आता हा सूर तोंडानं काढ."

मी काढला. तुम्ही हसला नाहीत, शाबासकीही दिली नाहीत. "चार वाजता येजो," एवढंच म्हणून पुन्हा कपाटाकडे गेलात.

चार वाजता त्याच खोलीत टेबलं भिंतीला सरकवलेली असायची. दोन व्हायोलिन, बासरी, पेटी, बुलबुल तरंग, तबला, ढोलकी. प्रयोगशाळेच्या नादकाट्यावर सगळ्यांचा सूर जुळवला जायचा. आमच्यातल्या कोणालाच स्वरलिपी वाचता येत नव्हती. तुम्ही प्रत्येकाजवळ जाऊन त्याचा त्याचा तुकडा गाऊन दाखवायचात, आणि गंमत म्हणजे एकाचा तुकडा चुकून दुसऱ्याला सांगितला, असं कधीही व्हायचं नाही. मी आले होते गायला. तुम्ही माझ्या हातात कॉलेजची जुनी क्लॅरिनेट दिलीत. पहिले पंधरा दिवस तिच्यातून बदकाचा आवाज निघाला. मुलं हसली की मी रडकुंडीला यायचे.

"काऊन रडतं? माह्या अब्बानं मले दोन महिने निसतं फुकाले लावलं होतं. तुहं तं बदक तरी वरडते."

तोंडाशी बसवायची बोरूची पातळ पट्टी, तिला तुम्ही पत्ती म्हणायचात, ती तुम्ही स्वतः तासून करायचात. दुसऱ्या वर्षी माझ्या वाढदिवसाला काडेपेटीत कापूस घालून तीन पत्त्या दिल्यात. वाढदिवस तुम्हाला कसा कळला ते मी आजवर शोधते आहे. आणि त्याच आठवड्यात मला तुमची बोलणीही खावी लागली. मला बऱ्यापैकी वाजवता यायला लागलं होतं, आणि तालमीत मी सगळ्यांच्या वर आवाज काढत होते. तुम्ही हात वर केलात. खोली गप्प झाली.

"तू एकटीच वाजवून राह्यली काय? हे बाकीचे कोन हायेत, वऱ्हाडी?"

सगळे हसले. मी दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तर तुम्ही काहीच झालं नसल्यासारखी क्लॅरिनेट पुढे केलीत.

त्या उन्हाळ्यात आमच्या जानेफळात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. बँड अमडापूरचा येणार हे मला माहीत होतं, पण त्यात तुम्ही असाल हे डोक्यात आलं नाही. वरात वेशीपाशी आली तेव्हा पहिल्या रांगेत तुम्ही होतात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, बगलेत घामाचे पट्टे. माझे काका तुमच्या तोंडासमोर रुमाल नाचवत ओरडत होते, "ए बँडवाले, जोरात वाजव बे!" मी मैत्रिणींबरोबर ओट्यावर उभी. आपली नजरानजर झाली. तुम्ही तोंड दुसरीकडे वळवलंत आणि वाजवत राहिलात. तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत, आणि मास्तर, मला हायसं वाटलं. जेवणाच्या वेळी बँडवाल्यांची पंगत वेगळी बसली होती. मी तिकडे गेले नाही.

कॉलेज उघडल्यावर तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. उलट तालीम रोजची झाली, कारण त्या वर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आपण उतरणार होतो. परवानगी काढणं, गाडी ठरवणं, मुलींच्या घरी जाऊन वडिलांची समजूत घालणं हे सगळं मराठीच्या सरांनी केलं. माझ्या बाबांना पटवायला ते जानेफळला दोनदा आले. ते वाईट नव्हते. त्यांना संगीतातलं कळत नव्हतं, आणि ते तसं मोकळेपणानं सांगायचेही.

महोत्सवाच्या मांडवात शहरातल्या कॉलेजांची मुलं एकसारखे झब्बे घालून आली होती. आम्ही पेट्या उतरवत असताना त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "बँडवाले आले रे." ते तुमच्याकडे बघून म्हटलं होतं की माझ्या हातातल्या क्लॅरिनेटकडे, मला कळलं नाही. कान मात्र तापले. पण आम्ही वाजवलं, आणि काय वाजवलं! मधल्या तुकड्यात सगळे थांबतात आणि क्लॅरिनेट एकटीच वर चढते, तिथे माझा श्वास पुरला. बासरीनं तो सूर माझ्याकडून अलगद उचलला. टाळ्या पडायला लागल्या आणि थांबेनात.

निकालाआधी एक परीक्षक बाई खाली उतरून थेट माझ्यापाशी आल्या. "मुली, क्लॅरिनेट कोणाकडे शिकलीस? हा हात कॉलेजातला नाही."

माझ्या शेजारी मराठीचे सर उभे होते. झब्बेवाली मुलं ऐकत होती. तुम्ही चार पावलांवर, खाकी कपड्यात, माझी पेटी उघडी धरून उभे होतात. मी म्हटलं, "आमच्या सरांकडे." आणि मराठीच्या सरांकडे पाहिलं. सर गोंधळले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला होता.

आपला पहिला नंबर आला. परतीच्या गाडीत सगळे गात होते. मी खिडकीशी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. तुम्ही मागून आलात. मला वाटलं, आता बोलतील. मला ते हवंही होतं.

"पत्ती वली ठेवली काय वं? पुसून ठेव, नाईतं फाटते."

एवढंच. उरलेलं वर्षभर तुम्ही मला पूर्वीसारखंच शिकवलंत. पूर्वीसारखंच बोललात. मी रोज ठरवायचे की आज माफी मागू, आणि रोज तालीम संपायची. मग माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं. तुम्ही निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत वाद्यवृंदही संपला. तुम्ही गेलात ते मला वर्षभरानं कळलं, तेही एका बसस्टँडवर भेटलेल्या जुन्या तबलजीकडून.

तर लेख लिहायला बसण्याआधी मी अमडापूरला गेले. तुमची मुलगी शिवणकाम करते. तिनं चहा टाकला आणि कपाटातून एक वही काढून दिली. उर्दूत लिहिलेली. प्रत्येक वर्षी कोण कोण होतं, काय वाजवायचं, कुठे अडायचं. मला वाचता येईना, म्हणून ती वाचत गेली आणि मी मराठीत उतरवून घेत गेले. दुपार त्यातच गेली. मास्तर, वार्षिकांकात नसलेली एकशेदहा मुलं त्या वहीत सापडली. महोत्सवाच्या दिवसाची नोंदही होती. तिनं वाचली: "अव्वल आए. रास्ते में बारिश. क्लॅरिनेट ठीक बजा."

मी विचारलं, "आणखी काही?"

"नाई. इतलंच हाय."

मग मी तिला सगळं सांगितलं. जानेफळची वरातसुद्धा. ती मशीनवरचा कपडा सारखा करत ऐकत होती. म्हणाली, "अब्बा त्या दिवशी जिलबी घेऊन आले होते. लय खूश होते. हे नाव न घेतल्याचं आम्हाले कोनी सांगतलंच नाई. मले वाईट वाटून राह्यलं, बाई. खोटं कायले बोलू. पन आता तुम्ही मले सांगून काय उपेग? ते लिव्हा ना, छापून येऊ द्या."

मी लिहिलं. वाद्यवृंद कोणी घडवला ते तुमच्या पूर्ण नावासकट लिहिलं, आणि वहीतल्या सगळ्या मुलांची नावं शेवटी दिली. समितीवाल्यानं सांगून पाहिलं की मराठीच्या सरांच्या घरच्यांना वाईट वाटेल, जरा सांभाळून घ्या. मी त्याला म्हटलं, सरांनी काय केलं तेही मी लिहिलंय, त्यांच्या मुलाला दाखवा. मुलानं वाचलं आणि उलट निरोप पाठवला की बाबा घरी नेहमी हेच सांगायचे. लेख जसाच्या तसा छापून आला. तुमच्या मुलीला मी स्वतः अंक नेऊन दिला. तिनं तुमच्या नावावरून बोट फिरवलं आणि अंक वहीशेजारी ठेवला.

हे पत्र मात्र कुठे द्यायचं नाही, तिलाही नाही. महोत्सवाची हकिगत मी त्या लेखात लिहिली आहे. लोकांनी वाचली, दोघातिघांनी फोन करून 'फार प्रामाणिक लिहिलंत' असंही म्हटलं. छापलेलं वाक्य असं आहे: "परीक्षकांनी विचारलं तेव्हा आमच्यापैकी कोणीही मास्तरांचं नाव घेतलं नाही."

मास्तर, विचारलं मला एकटीला होतं.