लिफ्ट असताना जिना

२ मार्च, सकाळी
बातमी खरी निघाली. ‘परतीचे यान’ या मालिकेतील कप्तान बदलणार. बावीस वर्षे हे यान घरी परतत आहे आणि बावीस वर्षे एकच मनुष्य ते परतवीत आहे. आता म्हणे त्या नटाला गुडघ्यांमुळे अंतराळात उभे राहवत नाही. गुडघे मलाही आहेत. मी कधी निमित्त केले नाही.
नवा नट चाळिशीचाही नाही. हनुवटीला खळी. माझी सारी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून झाली. दुकानदाराने तराजूतले वजन बदलले, तर त्यावर नव्याने शिक्का मारून घ्यावा लागतो. येथे कोणी कोणाला विचारले?
संकल्प : शांत राहणे. प्रतिक्रिया न देणे.

२ मार्च, दुपारी
प्रतिक्रिया दिली. वाहिनीला ईमेल. भाषा संयत. ‘विश्वासघात’ हा शब्द आवश्यक तेथेच वापरला. चार ठिकाणी आवश्यक होता.

५ मार्च
वाहिनीचे उत्तर : “प्रिय चाहते, तुमच्या उत्साहाबद्दल मनापासून थँक्यू!” सोबत नव्या कप्तानाचा वॉलपेपर. तो मोबाइलने परस्पर लावून घेतला. आता वेळ पाहायची झाली तरी आधी ती खळी पाहावी लागते.
कन्येला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच कुठेतरी दाबलं असणार. मी कुठेही दाबलेले नाही.
ती पुढे असेही म्हणाली की, एवढं काय मनाला लावून घेता, आई तर पहिल्या पाच मिनिटांत झोपायची. हे साफ चूक आहे. सौ. डोळे मिटून ऐकत असे. मध्येच “आता कुठवर आले?” असे विचारी. झोपलेल्या माणसाला इतका नेमका प्रश्न सुचत नाही.
‘सौ.’ ऐवजी आता ‘कै.’ लिहिणे नियमाला धरून होईल, याची मला जाणीव आहे. वही खासगी आहे. सवडीने दुरुस्त करीन.

७ मार्च, शनिवार, मंडळी गेल्यावर
आमचे प्रेक्षक मंडळ दर शनिवारी माझ्या घरी बसते. गणिताच्या बाई शेजारच्या इमारतीतून येतात. समोरचे दंतवैद्य सपत्नीक येतात. विजेच्या दुकानवाला येतो. उंच, काटकुळा, प्रत्येक बातमी प्रथम त्यालाच लागते, म्हणून सौ.ने त्याचे नाव ‘अँटेना’ ठेवले. अध्यक्ष मी. निवडणूक कधी झाली नाही, कारण तशी मागणी कोणी केली नाही.
नव्या पर्वाचा पहिला भाग. मागील पर्वाच्या शेवटी जुने कप्तान यानातल्या लिफ्टमध्ये शिरले होते. आज लिफ्टचे दार उघडले आणि आतून खळीवाला बाहेर आला. जेवणाच्या टेबलाशी सगळे कर्मचारी बसलेले. उपकप्तानबाईने काय म्हणावे? “कप्तान, सूप गार होतंय.” आणि हा गृहस्थ बसून सूप पिऊ लागला! एकानेही मान वर केली नाही.
मी टीव्ही बंद केला आणि उभा राहिलो. भाषणाची तयारी नव्हती, तरीही ते प्रभावी झाले. मी म्हणालो की, ज्या माणसाबरोबर इतकी वर्षे जेवलात तो टेबलावर नाही आणि तुमच्या घशाखाली सूप उतरते? निदान चमचा तरी खाली ठेवा! कप्तान गेली आणि कोणाच्या लक्षातही येऊ नये?
दंतवैद्यांनी हातातला कप खाली ठेवला. परिणाम साधला, असे मला वाटले. मग अँटेना हळूच म्हणाला, “गेला.”
काय गेला, मी विचारले.
“कप्तान, काका. तुम्ही ‘गेली’ म्हणालात.”
मी तत्काळ खुलासा केला की, ‘गेली’ हे क्रियापद खुर्चीला उद्देशून होते. कप्तानाची खुर्ची हातची गेली, असा वाक्याचा अन्वय लागतो. गणिताच्या बाईंनी मान डोलावली, पण त्या पाहत होत्या दिव्याखालच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी म्हणालो, ही नव्हे, यानातली. त्या म्हणाल्या, हो हो, यानातलीच. दंतवैद्यांच्या पत्नीने उगीचच कप गोळा करायला घेतले.
यानंतर मी ठराव मांडला : यानावरील एखाद्याच्या तरी लक्षात येईपर्यंत या घरात ‘परतीचे यान’ लागणार नाही. ठराव एकमताने संमत झाला. मत एकच पडले.
दाराशी दंतवैद्यांनी विचारले, मग काका, उरलेला भाग आमच्याकडे बघितला तर चालेल ना? म्हणजे तुम्हाला त्रास नको. मी उदार मनाने परवानगी दिली. पुढच्या शनिवारी परत येतील. यान अंतराळातल्या तिसऱ्या दारातून का जाऊ शकत नाही, हे माझ्याशिवाय त्यांना कोण समजावणार?

१४ मार्च, शनिवार, संध्याकाळी ७
खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. कोणाची वाट पाहत नाही. केर काढताना हलवाव्याच लागतात, त्या अर्धगोलात ठेवल्या इतकेच. कॉफीचे पाणी सहा जणांचे ठेवले. उरलेले कोमट पाणी गुडघ्यांना उपयोगी पडते.

त्याच संध्याकाळी, ८
माझ्या गॅलरीतून दंतवैद्यांचा दिवाणखाना दिसतो. हा इमारतींच्या रचनेतला योगायोग आहे. ते हसत आहेत. मालिका विनोदी नाही.
ज्या गोष्टीला विरोध करायचा ती माहीत असणे कर्तव्य आहे. टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवला. आवाजाविना पाहणे हे ‘पाहणे’ होत नाही; ते निरीक्षण होते. बहिष्कार अबाधित.
निरीक्षण : नवा कप्तान लिफ्टपुढे येऊन उभा राहतो. लिफ्टचा दिवा सुरू. लिफ्ट चालू स्थितीत. हा बराच वेळ नुसता उभा, तोंडाने बडबड चालू. मग वळतो आणि जिन्याने चढू लागतो! अख्खे यान जिन्याने! वर पोहोचेस्तोवर धाप लागलेली. लेखकांना स्वतःच्या यानात लिफ्ट आहे, याचाही विसर पडला. हा ढिसाळपणा जुन्या कप्तानाच्या वेळी कधीच खपला नसता.
वाहिनीला ईमेल. विषय : ‘लिफ्ट असताना जिना?’
सहा कप धुऊन ठेवले. पाच स्वच्छच होते.

१८ मार्च
इस्त्री दुरुस्तीला म्हणून अँटेनाच्या दुकानात नेली. मंडळाविषयी काही विचारण्याचा हेतू नव्हता. त्यानेच सांगितले. म्हणाला, मज्जा येते हो काका! आता मध्येच प्रश्न विचारला तरी चालतो. मी विचारले, पूर्वी चालत नसे काय? तो इस्त्रीची वायर फार बारकाईने तपासू लागला.
तिसरे दार कोण समजावते, मी विचारले. गणिताच्या बाई. कागदावर आकृती काढून. मला बावीस वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते दोन मिनिटांत शिरलं, असे तो म्हणाला आणि मग म्हणाला, म्हणजे तुमचंही चांगलंच असायचं.
आकृती चुकीची असणार.
इस्त्रीत दोष आढळला नाही.

२१ मार्च, शनिवार
कन्या दिवसभराकरिता आली. खिडक्या उघडल्या, पडदे धुवायला टाकले आणि मला न विचारता दिव्याखालची खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली. म्हणाली, इथे उजेड आहे, तुम्ही बसत जा की तिच्यावर. मी म्हणालो, मला माझी खुर्ची आहे.
जेवताना तिने विचारले, बाबा, तुमचं भांडण त्या नटाशीच आहे ना? मी म्हणालो, अर्थात, आणखी कोणाशी? ती म्हणाली, मग त्या बिचाऱ्याला एकदा आवाजासकट तरी बघा. टीव्हीचा आवाज शून्यावर होता, हे तिने कधी पाहिले कोण जाणे. वजनमापे खात्यात चांगली चमकली असती.
ती गेल्यावर खुर्ची जागेवर आणली. जमिनीवर पायांच्या खुणा असल्याने अचूक बसली.
संध्याकाळपासून उजवी वरची दाढ दुखते आहे. मंडळाकरिता आणलेली बिस्किटे मी एकट्याने संपविली, त्याच्याशी याचा संबंध नाही.

२४ मार्च
दाढेपुढे तत्त्वे चालत नाहीत. दंतवैद्यांकडे गेलो. दवाखाना तळमजल्यावर, घर वरती. मनाशी पक्के केले होते की विषय फक्त दाढेचा राहील.
त्यांनी इंजेक्शन दिले, गालात कापसाचे बोळे भरले आणि म्हणाले, आता बोलायचं नाही हं काका. आणि मग स्वतः बोलू लागले.
म्हणाले, तुम्ही हवे होतात हो दुसऱ्या भागाला! तुमचीच आठवण काढली सगळ्यांनी. मी हात वर करून थांबविण्याचा प्रयत्न केला. मला कथानक कळू द्यायचे नव्हते. त्यांनी विचारले, दुखतंय? थोडं सहन करा. ड्रिल सुरू केले आणि त्या आवाजावर आवाज चढवून सांगू लागले. म्हणाले, तो लिफ्टपाशी येतो ना, आणि म्हणतो, दार उघड. तर लिफ्ट उघडतच नाही. लिफ्ट म्हणते, “कप्तान आत गेलेत. अजून उतरले नाहीत.” तो म्हणतो, अगं, मीच कप्तान. लिफ्ट म्हणते, “नाही. ते उतरले की मी सांगेन.” तोंड आणखी उघडा, काका. आता हा कप्तान आहे, हुकूम सोडू शकतो, तिची आठवणच पुसून टाकू शकतो. उपकप्तान तेच सुचवते त्याला. हा काय म्हणतो माहितीये? म्हणतो, “राहू दे तिला. मी जिन्यानं जाईन.” आणि तेव्हापासून रोज जिना! थुंका.
मी थुंकलो.
ते म्हणाले, खोलीत कोणाचे डोळे कोरडे नव्हते बघा. आमच्या मातोश्रींना तर धड ऐकूही येत नाही, त्यासुद्धा रडल्या. मग वाकून पाहत म्हणाले, अरे, अजून दुखतंय? डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या. मी बोळ्यांमधून सांगितले की ते इंजेक्शनमुळे. ते म्हणाले, असतं असतं, काहींना होतं तसं. दिवा थोडा बाजूला केला आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

२५ मार्च
दुसरा भाग पुन्हा लावला. आवाजासकट.
वाहिनीला ईमेल : ‘लिफ्ट असताना जिना?’ ही तक्रार मी बिनशर्त मागे घेत आहे.
उत्तर : “प्रिय चाहते, तुमच्या उत्साहाबद्दल मनापासून थँक्यू!”

२८ मार्च, शनिवार, दुपारी
ठरावातील अट पूर्ण झाली आहे. यानावरील एकाच्या लक्षात आले. ती लिफ्ट आहे, हा तपशिलाचा भाग. बहिष्कार यशस्वी झाला, असेच म्हटले पाहिजे.
आज दंतवैद्यांकडे जाईन. सर्वांसमक्ष जाहीर करीन की मंडळाच्या बैठका पूर्ववत माझ्या घरी सुरू होत आहेत. भाषण आटोपशीर. कोणाला दोष देणार नाही. टाळ्या वाजल्यास हाताने थांबवीन. नंतर गणिताच्या बाईंची आकृती तपासून दुरुस्त करून देईन.
सहा कप काढून ठेवले. मंडळी बहुधा आजच माझ्याबरोबर परत येतील.

२८ मार्च, परत आल्यावर
दार अँटेनाने उघडले. या या, म्हणाला, पण दार लोटा आधी, सुरू झालंय. मी खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो आणि “मित्रहो” असे म्हणालो. गणिताच्या बाई टीव्हीवरची नजर न काढता “शू” म्हणाल्या. अँटेना म्हणाला, काका, जरा खाली बसा ना, दिसत नाहीये. सारे माना वाकड्या करून माझ्या दोन्ही बाजूंनी पाहत होते. आनंद झालेला दिसला नाही. रागही दिसला नाही. मी आठवडाभर नव्हतो, की तीन आठवडे, की नुसता उशिरा आलो, याचा त्यांच्या चेहऱ्यांवरून काहीच बोध होईना.
दंतवैद्यांच्या मातोश्रींनी शेजारच्या स्टुलावरची उशी उचलली आणि मला बसायची खूण केली. त्या याच महिन्यात मुलाकडे राहायला आल्या आहेत. ऐकायला कमी येते, म्हणून बोलतात मोठ्याने. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि विचारले, “तुम्ही नवीन का?”
खोलीतल्या सर्वांना ऐकू गेले. दंतवैद्यांच्या पत्नीने टीव्ही थांबविला. अँटेना सांगू लागला, अहो आजी, हे तर आपले... आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. माझ्यापाशी तो शब्द होता. संस्थापक होता, अध्यक्ष होता, दाखल्याला बावीस वर्षे होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्या स्टुलावर एकटाच बसलो होतो.
मी म्हणालो, “हो.”
त्या म्हणाल्या, मग असे अवघडून बसू नका, टेका जरा. तो खळीवाला आहे ना, तो कप्तान. चांगला आहे हो. काही कळलं नाही तर मला विचारा.
टीव्ही पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने विचारावे लागले.