सहा पिनांची केबल

६ जाने., मंगळ.
जुनी डिस्क आज परत कुरकुरली. ह्यांच्या फोटो स्टुडिओची ही शेवटची. आधीच्या दोन गेल्या त्या गेल्याच. हे म्हणतात, "चालतेय तोवर चालू दे." असंच म्हणता म्हणता स्टुडिओ बंद झाला, ह्यांचे हात थरथरायला लागले, आणि भोसरीतली निम्मी लग्नं अजून त्या एका डबीत.
शेजारच्या शमीमभाभींच्या मुलीचंही. त्यांची सीडी नातवंडांनी खेळून खरडली. भाभींचे मालक युसूफभाई गेले, हलते-बोलते राहिलेत ते तेवढ्याच शूटिंगात. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची सवय त्यांना. इथं मात्र कॅमेऱ्याचा पत्ताच नाही त्यांना, आचाऱ्यावर ओरडतायत, "अरे खाली लागतंय, खाली!" भाभींना तेवढंच ऐकायचंय.
ठरलं. घरातच ह्या शूटिंगांची कोठी बांधायची. दोन डिस्का, दोन्हींत तेच. एक बसली तरी दुसरी उभी. घरातल्या टीव्हीवर, फोनवर कुठंही बघा. संक्रांतीला या म्हणून भाभींना सांगूनही बसले. जीभ माझी, थांबते कुठे.

९ जाने., शुक्र.
व्हिडिओ बघून कान किटले. एक हिंदीतला बरा आहे, सावकाश बोलतो.
लेकीचा बंद पडलेला कॉम्प्युटर उघडला. बोर्डावर डिस्कांची सॉकेटं दोनच. मला हवीत तीन: दोन नव्या, आणि सगळं भरून घेईपर्यंत जुनी. म्हणजे बोर्ड नवा. बोर्ड नवा तर जुना प्रोसेसर त्यात जात नाही. प्रोसेसर नवा तर रॅम वेगळी. एक टाका उसवायला गेले नि अख्खी बाही हातात आली.
चहा दोनदा ठेवला, दोनदा उतू गेला.

१० जाने., शनि.
चिंचवडला दुकानात. डिस्कांतही जाती. एकीत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले. वाचायला ठीक, पण एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. जोडीनं राबवायला ती कुचकामी. नको म्हटलं.
दुकानदार : "मावशी, डिस्क ती डिस्क. तुम्हाला काय लोणचं घालायचंय त्यात?"
"घालायचंच आहे. म्हणून बरणी पारखून घेतेय."
हसला. मग आतून दुसरी जोडी काढली. बोर्ड, प्रोसेसर, रॅम त्याच्याकडून एकमेकांना चालणारी घेतली, दोनदा विचारून. पॉवरचा डबाही नवा. केबली त्याच्या सुट्या, लागेल ती लावायची.
आता घरी आणून सगळं पलंगावर मांडलंय. हे कुठे झोपणार, विचारतायत.

१२ जाने., सोम.
कोठी उभी राहिली. दिवे लागले. हे म्हणाले, "पंखा झकास बसवलास." टिंगल, पण खूश होते.
नव्या केबलीवर डिस्कांचे प्लग दोनच. तिसरा पाहिजे. लेकीच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्याची केबलही सुटीच होती. सहा पिनांचं टोक, हुबेहूब. नव्या डिस्कांना नवी केबल, जुनीला जुनी, असा हिशेब केला.
चाकणच्या कंपनीत अर्धं आयुष्य गाडीच्या वायरींचे जुडगे बांधले. तिथलं शिकवलेलं हाडात आहे. ढकल, क्लिक ऐक, ओढून बघ. एकीचं टोक दुसरीच्या जागी जाऊच नये म्हणून प्रत्येकाचा आकार वेगळा केलेला. गेलं म्हणजे बरोबर.
ढकललं. क्लिक आला. ओढलं, हललं नाही.
खटका दाबला.
जळका वास. जुन्या डिस्कचा.
नाही लिहिवत.

१३ जाने., मंगळ.
फिरत नाही. कानाला लावून बघितली. कुरकुरायची ते बरं होतं.
आता कळतंय, घरच्या कॉम्प्युटरचे हे डबे आमच्या लाइनसारखे नाहीत. तोंड सारखं, आत तारांचा क्रम ज्या त्या कंपनीचा आपापला. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. केबलीची अदलाबदल करू नका, असं डब्यासोबतच्या कागदावर छापलंय. मी तो वाचलाच नाही. क्लिक आला होता ना!
हे काही बोलले नाहीत. मेथी निवडत बसले. एरवी निवडत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.
नव्या दोन्ही डिस्का ठणठणीत. रिकाम्या.

१४ जाने., संक्रांत
भाभी आल्या, इस्त्रीची ओढणी, चष्मा पुसून. टीव्हीसमोरच बसल्या. तीळगूळ हातात दिला आणि सांगून टाकलं. केबल, वास, सगळं.
म्हणाल्या, "तुझा हात तर न्हाई ना भाजला?"
"नाही."
"मग रडू नको. तो असता तर म्हणला असता, तुला कुणी हात लावायला सांगितला. शिवणाचं मशीन उघडल्यावर मलाबी हेच म्हणायचा."
जाताना दारात वळून, "पर सुमन, काय व्हतंय का बघ ना."
त्या "बघ ना"नं जेवण गेलं नाही.

१६ जाने., शुक्र.
दापोडीला डिस्क दुरुस्तीवाले कांबळे. भिंगातून बघून म्हणाले, "वरची सर्किटची पाटी गेलीय. आतल्या तबकड्या शाबूत असतील, नसतीलही. ह्याच जातीची दुसरी डिस्क आणा. तिची पाटी काढू, ह्या पाटीवरची बारकी चिप तिच्यावर चढवू."
"कुठलीही चालेल?"
"मावशी, अजून कुठलीही?"
डिस्कवरचा नंबर अक्षर न् अक्षर उतरवून घेतला.

२० जाने., मंगळ.
भंगारवाले पालथे घातले. घरी ह्यांच्या दोन मेलेल्या डिस्का आहेत, पण जात वेगळी. तरी तीनदा जुळवून बघितल्या. आज स्वयंपाकात मीठ नव्हतं म्हणे.
हे त्या डिस्कबद्दल पहिल्यांदाच बोलले. "मीच कॉपी काढायला हवी होती गं तेव्हा." मग कुठून कुठून जुने फोटोवाले मित्र आठवून फोन लावत बसले.

२३ जाने., शुक्र.
ह्यांच्या एका मित्राच्या माळ्यावर निघाली. तीच कंपनी, तोच नंबर. पाटीवरचा आकडाही तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. आमचं ए, तिचं बी.
पाटी सोडवून नुसती धरून बघितली. स्क्रूची भोकं जुळतात. टोकं समोरासमोर येतात. जागच्या जागी बसते.
पूर्वीची मी असते तर नाचले असते.
कांबळ्यांना फोन. "बी चालते कधी कधी. चिप चढवून बघितल्याशिवाय नाही सांगता येत. उद्या सकाळी घेऊन या."
भाभींना सांगितलं. म्हणाल्या, "मी येते संगं."
"नाही चालली तर?"
"तर तिथंबी मीच पायजे ना तुझ्याजवळ."
दोन्ही डिस्का रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवल्यात. मघापासून दोनदा उघडून बघितलं, ते अक्षर "बी"च आहे.